प्लेन्स : शेंगांचं गाव आणि दोन चर्चं

अमेरिकेत जॉर्जियाच्या नैर्ऋत्येला प्लेन्स नावाचं गाव आहे. २०२० च्या जनगणनेत माणसं ५७३. १८८० च्या दशकात रेल्वे आली, तशी आधीची वस्ती उठून रुळांकडेला आली. १८८८ चं लाकडी स्टेशन अजून उभं आहे. बाकी सगळा कारभार भुईमुगाचा. मी कराडकडच्या शेतकरी घरातली. प्लेन्सची लाल माती मला नवी, पण झाड ओळखीचं. फूल वर फुलतं, आऱ्या सुटून मातीत शिरतात आणि शेंगा आत धरतात. ओल्या शेंगा मीठ घालून उकडायची रीत तिकडेही आहे. अध्यक्ष झालेले जिमी कार्टर लहानपणी अशाच शेंगा गावात फिरून विकत.

पण एका भल्या माणसाच्या नावावर प्लेन्सची गोष्ट संपवणं मला पटत नाही. कार्टर वाढले जवळच्या आर्चरी वस्तीत. शेजारी बहुतेक कृष्णवर्णीय, खेळगडीही तेच. चौदाएक वर्षांचे असताना दोघा मित्रांनी कुरणाचं फाटक उघडलं आणि बाजूला होऊन त्यांना आधी जाऊ दिलं. तिथून मैत्रीतली बरोबरी सरली. ज्यांच्या गावात पाणवठे वेगळे होते, त्यांना हे फोड करून सांगायला नको.

१९६५ मध्ये गावच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये काळ्यांना दार बंद करण्याचा ठराव आला, तेव्हा कार्टर विरोधात बोलले आणि जवळजवळ एकटे पडले. १९७६ मध्ये, कार्टर यांच्या अध्यक्षपदाच्या ऐन निवडणुकीत, तोच वाद पुन्हा पेटला. अखेर चर्च फुटलं. बाहेर पडलेल्यांनी १९७७ मध्ये मरानाथा चर्च काढलं. अध्यक्षपदानंतर कार्टर तिथेच रविवारी शिकवत.

त्यांच्या आई लिलियन नर्स होत्या. काळ्या शेजाऱ्यांची शुश्रूषा त्या गावाच्या नजरेची पर्वा न करता करत. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून त्या आपल्या विक्रोळीत आल्या आणि १९६८ पर्यंत तिथे रुग्णसेवा केली. मला या गावात सर्वांत जवळची वाटते ती हीच बाई.

कार्टर २०२४ मध्ये शंभर वर्षांचे होऊन गेले. त्यांना प्लेन्समध्येच, राहत्या घराच्या आवारात पुरलं आहे. अटलांटाला मुलाबाळांकडे गेलात तर वाट वाकडी करून इथे जरूर जा. मात्र स्टेशनापाशी फोटो काढून परतू नका; आर्चरीचं शेत आणि दोन्ही चर्चं पाहा.