मृत्युपत्र आणि माणसाचा धर्म

आपल्या समाजाच्या इतिहासात मृत्युपत्राचा कागद सापडत नाही. ज्याच्या हाती वतन म्हणून गावची चाकरीच होती, तो मागे काय ठेवणार? आज बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत राबून कुणी दोन खोल्या उभ्या केल्या आहेत. म्हणून हा प्रश्न आता आपला झाला. मी पालघर भागात इतिहास शिकवतो. घराण्यातला पहिलाच पदवीधर. ख्रिस्ती विद्यार्थी घरच्यांसाठी मृत्युपत्राविषयी विचारतात, तेव्हा कायद्याआधी मला त्याचा इतिहास सांगावा लागतो.

1850 च्या कायद्याने धर्म किंवा जात सोडणाऱ्याचा वारसाहक्क शाबूत ठेवला. 1863 मध्ये अब्राहम खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने म्हटले की, धर्मांतरित माणूस जुनी वहिवाट ठेवू शकतो किंवा टाकू शकतो. ही मोकळीक दोनच वर्षे टिकली. 1865 च्या कायद्याने देशी ख्रिस्त्यांनाही एका साच्यात बसवले. 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा त्याचाच वारस. त्यात एक चांगली गोष्ट आहे. मृत्युपत्र नसले, तर विधवेला एक तृतीयांश आणि बाकीचे मुलगा-मुलगी यांना समान.

पण याच कायद्याचे कलम 118 पाहा. पुतण्या-भाचा किंवा त्याहून जवळचा नातेवाईक असलेल्या ख्रिस्ती माणसाला धर्मादायासाठी मिळकत ठेवायची, तर मृत्यूपूर्वी किमान 12 महिने मृत्युपत्र करून ते सहा महिन्यांत सरकारी अभिरक्षेत द्यावे लागे. वस्तीतल्या वसतिगृहाला चार पैसे द्यायलाही ही अट! हे बंधन इंग्लंडातून आले. तिथे 1960 मध्ये ते गेले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने जॉन वल्लमट्टम खटल्यात 2003 मध्ये ते घटनाबाह्य ठरवले.

खरी मेख 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात आहे. कलम 26 प्रमाणे, धर्मांतरानंतर जन्मलेली मुले हिंदू नातेवाइकांची वारस होत नाहीत. वारसा खुला होताना ती हिंदू असली तरच होतात. बौद्धांना हा फटका बसत नाही, कारण या कायद्याने बौद्धांना हिंदूंतच धरले आहे. म्हणजे बाबासाहेबांनी ऑक्टोबर 1956 मध्ये ज्या धर्मातून आपल्याला बाहेर काढले, त्याच्याच नावाच्या कायद्यात आपण वारशापुरते राहिलो. आणि ख्रिस्ती झालेल्या भावाचा मुलगा आजोबांच्या घरातून बाहेर पडला. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्त्यांना अनुसूचित जातींबाहेर ठेवले. सवलत मागताना धर्म आडवा, वारसा मागतानाही धर्म आडवा. जात मात्र कुणी काढून घेत नाही!

हा फटका मृत्युपत्र नसते तेव्हाच बसतो. आजोबांनी आपल्या कमाईच्या मिळकतीच्या मृत्युपत्रात नातवाचे नाव लिहिले, तर कलम 26 आड येत नाही. कागदाला मुद्रांक लागत नाही. नोंदणी ऐच्छिक, पण केलेली बरी. दोन साक्षीदार मात्र हवेतच. ख्रिस्ती माणसाने आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात: साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला दिलेली देणगी रद्द होते, आणि मृत्युपत्र करणाऱ्याने नंतर लग्न केले, तर ते मृत्युपत्रच रद्द होते.

कार्यकर्त्यांनी मोर्च्याच्या पत्रकाबरोबर हे ज्ञानही वस्तीत न्यावे. ज्यांच्या पूर्वजांना काही मागे ठेवता आले नाही, त्यांच्या मुलांच्या हातचे घर कायद्याच्या अज्ञानापायी जाऊ नये.