संगणकाचा वीजपुरवठा : एसी की डीसी?

संगणक एकदिश प्रवाहावर, म्हणजे डीसीवर चालतो. त्याची पिन ज्या सॉकेटात बसते तिथे मात्र प्रत्यावर्ती प्रवाह, म्हणजे एसी असतो : भारतात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. त्यामुळे संगणक एसीवर चालतो असे सर्रास म्हटले जाते. ते सॉकेटापुरते खरे आहे, आतल्या यंत्रापुरते नाही. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या शेजारच्या तालुक्यांत हा फरक विहिरीवरच्या मोटरीपासून खोडदच्या रेडिओ दुर्बिणीपर्यंत पाहता येतो.

संगणकातला प्रत्येक ट्रान्झिस्टर ही एक कळ असते. विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, ठरलेल्या पातळीच्या वर असला की एक, खाली असला की शून्य. ही पातळी ओळखू यायची तर पुरवठा स्थिर हवा. घरातल्या एसीचा दाब दर सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. अशा दोन शून्यांमधल्या १० मिलिसेकंदांत ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ३ कोटी ठोके मोजतो. त्याला दर वेळी पायाखालची जमीन हलवून कसे चालेल? ही गरज ट्रान्झिस्टरच्या आधीची आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेल्या आणि १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. नलिकेची तार तापवायला एसी चालतो, पण गणित करणाऱ्या परिपथाला डीसीच लागतो.

एसीचा डीसी करण्याचे काम डेस्कटॉपच्या डब्यातली एसएमपीएस नावाची पत्र्याची पेटी करते. २३० व्होल्टचा एसी आधी डायोडच्या पुलावरून जाऊन सुमारे ३२५ व्होल्टचा डीसी होतो. स्विच करणारे ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा त्याचे तुकडे पाडतात, लहानसे रोहित्र दाब उतरवते आणि पुन्हा एकदा डायोड व धारित्रे तो सपाट करतात. पेटीतून बाहेर येणाऱ्या तारांत पिवळीवर १२, लालवर ५ आणि नारिंगीवर ३.३ व्होल्ट असतात. काळी तार शून्याची. मदरबोर्डवर हा दाब आणखी उतरतो आणि प्रोसेसरला साधारण १ व्होल्ट पोचतो. लॅपटॉपची हीच पेटी वायरीत अडकवलेली असते, तिला आपण ॲडॅप्टर म्हणतो. त्याच्या लेबलावर ‘इनपुट’पुढे नागमोडी रेघ असते ती एसीची, ‘आउटपुट’पुढे सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ, ती डीसीची. शाळेत हा धडा शिकवताना पुस्तकाआधी ते लेबल मुलांच्या हातात द्यावे.

एसीवर खऱ्या अर्थाने चालणारे यंत्र म्हणजे विहिरीवरची थ्री फेज मोटर. तीन फेजांमुळे तिच्या आत चुंबकीय क्षेत्र फिरते आणि त्यामागे रोटर फिरतो. दोन ध्रुवांच्या मोटरीत ते क्षेत्र मिनिटाला ३,००० फेरे घेते, कारण विजेचे हर्ट्झ ५० आहेत. एखादी फेज गेली की मोटर नुसती गुरगुरते आणि वेळीच बंद केली नाही तर जळते. त्याच डीपीवरच्या घरातला संगणक, त्याची फेज शाबूत असेल तर, काही घडलेच नाही असा चालू राहतो. व्होल्टेज डाऊन होऊन १६० वर आले तरी, १०० ते २४० व्होल्ट घेणाऱ्या पेटीचे अडत नाही. बिबट्यांच्या भीतीने जुन्नर-आंबेगावचा शेतकरी दिवसा थ्री फेज मागतो, ती या मोटरीसाठी. ती मागणी न्याय्य आहे.

मग वीज मुळात डीसीच का पाठवत नाहीत? रोहित्राने दाब चढवणे-उतरवणे एसीत सोपे आणि स्वस्त पडते. घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पायथ्याशी वीज तयार होते तीही एसी. लांबच्या पल्ल्यात मात्र डीसीचे पारडे जड होते : चंद्रपूर ते पडघे ही ५०० किलोव्होल्टची, सुमारे ७५० किलोमीटरची वाहिनी डीसीची आहे.

छतावरचे सौर पॅनल डीसी देते, बॅटरी डीसीच साठवते, इन्व्हर्टर त्याचा एसी करतो आणि संगणकाची पेटी पुन्हा डीसी. प्रत्येक फेऱ्यात थोडी वीज उष्णता होऊन जाते. टेलिफोन एक्सचेंजने हा फेरा कधीच टाळला : तिथली यंत्रणा ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालते, म्हणून गावात लाइट गेली तरी तारेचा फोन चालू राहायचा. सौर पॅनल बसवणाऱ्या शाळांनी या बाबतीत एक्सचेंजचा कित्ता गिरवावा. बॅटरीवरून थेट चालणारे लहान संगणक आता मिळतात.

नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या दुर्बिणीत दोन्ही प्रवाहांची गाठ पडते. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. तबकड्यांचे संकेत प्रकाशतंतूंतून मध्यवर्ती इमारतीत येतात आणि संगणक ते एकमेकांशी ताडून पाहतात. हे काम २०१० च्या सुमारास बाजारात मिळणाऱ्या संगणकांच्या जोडणीवर आले. पुढे त्यात ग्राफिक्स प्रोसेसर आले. पण एसएमपीएसची तीच झपाट्याची उघडझाप रेडिओ लहरीही फेकते, आणि आकाशातून येणारा संकेत त्यापुढे अतिशय क्षीण असतो. म्हणून ही यंत्रे लहरी बाहेर पडू न देणाऱ्या बंदिस्त खोलीत ठेवावी लागतात.

त्याहून त्रासदायक असते ती शेतांवरून जाणारी विजेची लाइन. चिनीमातीचा इन्सुलेटर तडकला किंवा जोड सैल झाला की तिथे ठिणग्या उडतात. एसीचा दाब प्रत्येक आवर्तनात दोनदा शिखरावर जातो, त्यामुळे या ठिणग्यांचे झटके नोंदींत १० मिलिसेकंदांच्या अंतराने दिसतात. त्या अंतरावरून, हा गोंगाट आकाशातला नाही, खांबावरचा आहे, हे ओळखता येते. दुर्बिणीच्या यंत्रणेत असे झटके चालू निरीक्षणातच हेरून वगळणारी चाळणी बसवली आहे. खराब खांब शोधून तो दुरुस्त करून घेणे मात्र माणसांनाच करावे लागते.