दुनळी बंदुकीची जन्मपत्रिका

सरदार-इनामदारांच्या जुन्या वाड्यांतून आणि संस्थानी अधिकाऱ्यांच्या घरांतून एखादी विलायती दुनळी बंदूक वंशपरंपरेने चालत आलेली पुष्कळदा आढळते. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने सामान्य हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगणे अशक्य करून ठेवले आणि तेव्हापासून घरात बंदूक असणे हे प्रतिष्ठेचे लक्षण ठरले. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा काळ संपवला. बंदूक भिंतीवरून कपाटात गेली आणि तिच्याविषयीची माहिती घरातील वडीलधाऱ्यांबरोबर लोपत चालली.

या विस्मृतीला २०१९ साली नवे महत्त्व आले. शस्त्र कायद्याच्या त्या वर्षीच्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकास तीनऐवजी दोनच बंदुका ठेवण्याची मुभा राहिली. वारसाहक्काने येणाऱ्या बंदुकांनाही हीच मर्यादा लागू झाली. तीन असतील तर त्यांतली कोणती ठेवावी आणि कोणती जमा करावी? अशा वेळी जिच्यावर नक्षी अधिक ती राखावी आणि साधी दिसेल ती द्यावी, असा कल सहज होतो. परंतु बंदुकीची परीक्षा नक्षीवरून करणे म्हणजे पोथीची परीक्षा तिच्या रुमालावरून करण्यासारखे आहे.

बंदुकीचे वय प्रथम तिच्या रचनेवरून कळते. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या जोसेफ मँटनने दुनळी बंदुकीला सुबक, हलके रूप दिले. त्याच्याच कारखान्यात काम केलेल्या जेम्स पर्डी याने १८१४ मध्ये स्वतःची पेढी काढली. या बंदुका ठासणीच्या होत्या; आधी चकमकीच्या, मग टोपीच्या. मधोमध मोडून मागून काडतूस भरण्याची फ्रेंच पद्धत १८५१ च्या लंडन प्रदर्शनानंतर इंग्रज कारागिरांनी उचलली. बाहेर घोडे असलेली, मोडून भरण्याची दुनळी दिसली तर ती सामान्यतः त्यानंतरची समजावी. १८७५ मध्ये बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स या पेढीतील अॅन्सन व डीली यांनी घोडे आत दडवणारी सुटसुटीत रचना शोधली. तिला बॉक्सलॉक म्हणतात. जिच्यात कळ दोन्ही बगलांच्या लांबट पट्ट्यांवर बसवलेली असते, ती साइडलॉक.

दुसरी खूण नळ्यांची. लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र पिळून, त्या कांबीभोवती गुंडाळून, तापवून व ठोकून एकजीव करीत. अशा नळीवर लाटांसारखी रेघांची नक्षी उमटते. हीच दमास्कस नळी. तिचे सौंदर्य निर्विवाद आहे; पण ती बहुधा काळ्या दारूसाठी घडवलेली असते. धूरविरहित दारूचा दाब निराळा असतो. त्यासाठी परीक्षा न झालेल्या जुन्या नळीत आजचे काडतूस घालणे म्हणजे हात आणि डोळे पणाला लावणे होय. केवळ शोभेची म्हणून ठेवलेली बंदूक उत्साहाच्या भरात लग्नप्रसंगी उडवण्याचा मोह होतो, म्हणून ही गोष्ट विशेष लक्षात ठेवली पाहिजे.

तिसरी आणि सर्वांत विश्वासार्ह साक्ष नळ्यांच्या पोटाखाली असते. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळाला १६३७ मध्ये राजसनद मिळाली. बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ च्या कायद्याने स्थापन झाले. तेथे नळ्यांत जादा दारू भरून बार काढीत आणि टिकलेल्या नळीवर शिक्का मारीत. मुकुटाखाली गुंफलेली ‘जी’ व ‘पी’ ही इंग्रजी अक्षरे लंडनची. मुकुट आणि परस्परांना छेदणारे दोन राजदंड ही बर्मिंगहॅमची जुनी खूण. ‘नॉट फॉर बॉल’, म्हणजे ‘गोळीसाठी नव्हे’, असा छाप असेल तर ती परीक्षा १८७५ ते १८८७ या काळातील असते. मुकुटाखाली ‘एन’ व ‘पी’ ही अक्षरे १९०४ नंतरच्या बर्मिंगहॅमच्या धूरविरहित दारूच्या परीक्षेची होत. मात्र परीक्षेनंतर नळी गंजली वा घासली गेली असेल, तर शिक्क्यावरही विसंबता येत नाही.

याच शिक्क्यांनी लबाडीही उघडी पडते. वरच्या पट्टीवर लंडनच्या नामांकित पेढीशी मिळतेजुळते नाव आणि खाली लंबवर्तुळात ‘ईएलजी’ ही अक्षरे असतील, तर त्या नळ्यांची परीक्षा बेल्जममधील लिएज येथे झालेली असते. लिएजमध्ये उत्तम बंदुकाही होत. पण उसन्या नावाचा स्वस्त मालही तेथून जगभर गेला. शिवाय पट्टीवरचे नाव कधी कधी कारागिराचे नसून कलकत्त्याच्या किंवा मुंबईच्या विक्रेत्याचे असते.

राहिला प्रतीचा प्रश्न. एकच पेढी निरनिराळ्या प्रतींच्या बंदुका काढी. हॉलंड अँड हॉलंडच्या ‘रॉयल’, ‘बॅडमिंटन’ आणि ‘डोमिनियन’ या तीन प्रती प्रसिद्ध आहेत; त्यांत ‘रॉयल’ ही सर्वश्रेष्ठ. उत्तम प्रतीची लक्षणे मुद्दाम शोधावी लागतात. अक्रोडाच्या दस्त्याचे लाकूड व धातू यांच्या सांध्यात केसही शिरत नाही, कोरीव काम बारीक व संयत असते आणि मोडल्यावर व मिटल्यावर बंदूक कोठे अडत नाही. बॉक्सलॉक म्हणजे हलका माल, असेही समीकरण बरोबर नाही. कळ हाताने सुटी काढता येईल अशी वेस्टली रिचर्ड्सची १८९७ ची बॉक्सलॉक उच्च प्रतीतच गणली जाते. हिंदुस्थानातील शिकाऱ्यांसाठी विशेष सोयीची ठरलेली ‘पॅराडॉक्स’ ही बंदूक तर बाहेरून साध्या दुनळीसारखीच दिसते; तिच्या नळ्यांच्या तोंडाशी आतून पिळाचे आटे असतात, म्हणून ती छर्रे आणि गोळी दोन्ही उडवते. कर्नल फॉस्बेरी यांनी १८८५ मध्ये तिचे पेटंट घेतले. नक्षी पाहून निवड करणारा वारस हिलाच प्रथम घराबाहेर काढील.

यास्तव बंदूक जमा करण्यापूर्वी परवानाधारक जाणत्या बंदूककाराकडून ती रिकामी असल्याची खात्री करून घ्यावी, नळ्या उतरवून शिक्क्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि अनुक्रमांक टिपून ठेवावा. पर्डी, हॉलंड अँड हॉलंड व वेस्टली रिचर्ड्स या पेढ्यांनी आपल्या जुन्या वह्या जतन केल्या आहेत. त्या क्रमांकावरून बंदूक कोणत्या वर्षी आणि कोणासाठी घडली, हे पुष्कळदा सांगता येते. शस्त्र घरी राहो वा न राहो, घराण्याच्या इतिहासातले ते एक पान तरी अशा रीतीने वारसांच्या हाती राहील.