नंबर काढणाऱ्याची नोंद

देश स्वतंत्र झाला आणि दवाखान्याच्या आसपास वावरणाऱ्या माणसांची शिरगणती सुरू झाली. 1947 मध्ये परिचारिकांच्या परिषदेचा कायदा झाला, 1948 मध्ये दंतवैद्यांचा आणि औषधविक्रेत्यांचा. शिकला कुठे, परीक्षा कोणती दिली, नोंद क्रमांक किती, हे तिघांनाही विचारलं जाऊ लागलं. त्याच 1948 सालात मुंबई प्रांताने दुकाने व संस्था अधिनियम केला. चष्मेवाल्याच्या वाट्याला आला तो हा. मालकाचं नाव, धंद्याचं स्वरूप, कामगार किती, सुट्टी कोणत्या वारी, एवढं त्या शॉप ॲक्टच्या कागदावर असायचं. नंबर काढणाऱ्याला डोळ्यातलं किती कळतं, याला रकानाच नव्हता.

आमच्या अण्णांचा तो कागद अजून माझ्या दुकानात आहे. दुकान केडगावात, पुणे रस्त्याला लागून. नेप्तीच्या बाजारात कांदा घेऊन आलेला शेतकरी, ट्रकवाला, शिलाई करणारी बाई, नवरात्रात रेणुकामातेच्या दर्शनाला आलेल्या म्हाताऱ्या, असं सगळं गिऱ्हाईक. अण्णा धंदा शिकले ते माळीवाड्यातल्या एका दुकानात उमेदवारी करून. आधी काचा घासायच्या, मग फ्रेममध्ये बसवायच्या, मग कधीतरी मालक ट्रायल सेटच्या पेटीला हात लावू देणार. लाल कडेचं भिंग वजा नंबरचं, काळ्या कडेचं अधिक नंबरचं, इथून सुरुवात. मालक म्हणाला, “आता तू काढ नंबर,” की पोरगा पास. तोच परीक्षक आणि तेच प्रमाणपत्र.

इतरत्र हे फार आधी बदललं होतं. लंडनची चष्मेकारांची संघटना 1629 पासूनची, तिने 1898 मध्ये परीक्षा घ्यायला सुरुवात केली. अमेरिकेत मिनेसोटा राज्याने 1901 मध्ये परवान्याचा पहिला कायदा केला आणि पुढच्या पंचवीसेक वर्षांत बाकीची राज्यं त्याच वाटेने गेली. ब्रिटनमध्ये सरकारी कायदा मात्र 1958 चा. आपल्याकडेही ऑप्टोमेट्रीचं, म्हणजे नजर तपासण्याचं, शिक्षण 1958 मध्येच सुरू झालं, अलीगढ आणि हैदराबाद इथल्या दोन शाळांत. त्यांनी तिकडे परवाना दिला, आपण इकडे पदविका दिली. पदविका नसलेल्याने नंबर काढू नये, असं मात्र कुणी म्हटलं नाही. म्हणून शिकलेला आणि न शिकलेला एकाच बाजारात शेजारी शेजारी बसले.

1976 मध्ये अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. तालुक्याच्या गावी शाळेत नाहीतर मंगल कार्यालयात मोतीबिंदूची शिबिरं भरायची. शस्त्रक्रियेत डोळ्यातलं भिंग काढून टाकायचे आणि बदली आत काही बसवायचे नाहीत, त्यामुळे माणसाला अधिक दहाच्या आसपासचा जाड चष्मा लागायचा. त्या चष्म्यातून दार वाकडं दिसतं, पायरी जवळ आल्यासारखी वाटते. बिचारी म्हातारी माणसं पाय चाचपत चालायची. या शिबिरांतून नेत्र साहाय्यकांचा एक सरकारी वर्ग उभा राहिला. अण्णांचं खरं शिक्षण झालं ते यांच्यापैकी एकाजवळ बसून. पुढे 1994 मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प सुरू झाला. महाराष्ट्र त्यात होता. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवणं सर्रास होत गेलं, तसे जाड चष्मे आमच्या कपाटातून गेले.

त्या नेत्र साहाय्यकाने अण्णांना शिकवलेली एक गोष्ट सांगतो, कारण परवान्याचा सगळा वाद तिच्यात आहे. साठीच्या पुढची बाई हसत दुकानात येते. “बिनचष्म्याची पोथी दिसाया लागली, माझी नजर माघारी आली,” म्हणते. घरची माणसंही खूश. नंबर काढला तर लांबचा वजा दोन भरतो, आणि दोन वर्षांपूर्वी तो शून्य होता. कच्चा माणूस वजा दोनचा चष्मा करून देईल. बाईला लांबचं दिसेल, पैसेही मिळतील. पण नजर माघारी आलेली नसते. डोळ्यातल्या भिंगाचा गाभा घट्ट होत चाललेला असतो, तो मोतीबिंदू असतो. तसंच साखरेचं. एखाद्या गिऱ्हाइकाचा नंबर पंधरवड्यात इकडचा तिकडे झाला, तर अण्णा चष्म्याची ऑर्डर घ्यायचे नाहीत, आधी रक्त तपासून या म्हणायचे. नंबर काढता येणं हा या कामाचा अर्धाच भाग. हा नंबर चष्म्याने सुटणारा नाही, हे ओळखणं उरलेला अर्धा. परीक्षा घ्यायची ती या दुसऱ्या अर्ध्याची.

शिक्षण हळूहळू वाढत गेलं. 1985 मध्ये चेन्नईला शंकर नेत्रालयाने चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. महाराष्ट्रात बारावीच्या व्यवसाय शिक्षणात नेत्र तंत्रज्ञाचा विषय आला, पुढे पुण्या-मुंबईत पदवीची महाविद्यालयं निघाली, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठानेही अभ्यासक्रम आणले. शिकलेल्यांनी ऑप्टोमेट्री कौन्सिल ऑफ इंडिया काढून आपली नोंदवही आपणच ठेवायला घेतली, पण तिला कायद्याचं बळ नव्हतं. ते बळ 2021 मध्ये आलं. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्याने ऑप्टोमेट्रिस्ट हे नाव अनुसूचीत घातलं. आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणवून घ्यायला किमान 3600 तासांचं शिक्षण हवं, तीन ते सहा वर्षांत पसरलेलं. नोंदणीत सारखेपणा यावा म्हणून एक्झिट किंवा परवाना परीक्षेची तरतूदही त्यात आहे. राज्यांनी मात्र परिषदा नेमायला इतकी चालढकल केली की ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला दोन महिन्यांची मुदत घालावी लागली.

माझी मुलगी बी.ऑप्टोम. झाली. तिच्या नोंदणीचे कागद जमवताना कळलं की पात्रता डोक्यात असते आणि अडतं ते नावावर. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पदवीवर वडिलांच्या नावाचं एक अक्षर कमी, आणि लग्नानंतर सगळंच नवीन. तिच्या वर्गातल्या एका पोरीला दुबईला जायचं होतं. तिथे परवान्यासाठी पदवी आणि अनुभवाचे दाखले आधी मूळ संस्थेकडून पडताळून घेतात, मग संगणकावर परीक्षा. अमेरिकेचं दार आणखी अरुंद. तिथल्या मान्यताप्राप्त डॉक्टर ऑफ ऑप्टोमेट्री अभ्यासक्रमात शिकल्याशिवाय राष्ट्रीय मंडळाच्या परीक्षेला बसता येत नाही, इथली पदवी नुसती दाखवून भागत नाही.

शॉप ॲक्ट तर आता आणखी सोपा झाला. 2017 च्या नव्या कायद्यानुसार छोट्या दुकानाने ऑनलाइन सूचना दिली की काम झालं. म्हणजे दुकानाची चौकशी कमी झाली आणि दुकानात बसणाऱ्याची सुरू झाली. मला हे बरोबर वाटतं. प्रश्न उरतो अण्णांसारख्यांचा आणि माझ्यासारख्यांचा, ज्यांच्या हातात कसब आहे आणि फाइलीत पदवी नाही. 1948 च्या औषधविक्रेत्यांच्या कायद्याने पहिल्या नोंदवहीत पाच वर्षं औषधं बनवलेल्या कंपाउंडरांनाही घेतलं होतं. 2021 च्या कायद्यातही आधीपासून काम करणाऱ्यांच्या नोंदणीची वाट ठेवली आहे. माझं म्हणणं एवढंच की ती वाट नुसत्या वर्षांच्या दाखल्यावर देऊ नये. समोर माणूस बसवावा, हातात रेटिनोस्कोप द्यावा आणि त्या पोथीवाल्या बाईला काय सांगशील ते विचारावं. ज्याला उत्तर येईल त्याला एकदा आत घ्यावं. ज्याला येणार नाही त्याने फ्रेमा विकाव्यात, काचा बसवाव्यात, त्यातही पोट भरतं. आणि त्यानंतर हे दार पदवीवाल्यांपुरतंच उघडं ठेवावं, माझा नातू आला तरी.