सराफ्याचा दगड आणि घरातली हवा

1810च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस आपल्या फौजेचा तळ कायम केला आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर हे शहर झाले. तंबूंच्या जागी वाडे आले, आणि दरबाराच्या व फौजेच्या देण्याघेण्याला पेढ्यांची गरज असल्यामुळे सावकार व सराफ यांची वस्ती महाराज बाडा या चौकालगत वाढून सराफा बाजार उभा राहिला. या बाजारातील जुन्या घरांचे वैभव त्यांच्या दगडात आहे. सज्जे, झरोके आणि जाळ्या परिसरातील वालुकाश्मातून कोरलेल्या असून, छतासाठी दगडाच्या लांब पटिया टाकण्याची रीत या भागात सर्रास होती.

या घरांतल्या हवेचा विचार करायचा तर हा दगड जिथून आला त्या भूमीची घडण येथे पाहणे आवश्यक आहे. किल्ल्याच्या टेकडीचा माथा विंध्य समूहातील वालुकाश्माचा आहे, त्याखाली अधिक प्राचीन अशा ग्वाल्हेर समूहाचे थर आहेत, आणि ते थर बुंदेलखंडाच्या ग्रॅनाइटवर विसावले आहेत. प्रत्येक खडकात युरेनियम, थोरियम आणि किरणोत्सारी पोटॅशियम अल्प प्रमाणात असतेच. त्यांचे प्रारण आणि अवकाशातून येणारे वैश्विक किरण मिळून माणसाभोवती जो अखंड किरणोत्सर्ग असतो, त्याला नैसर्गिक पार्श्वभूमी प्रारण म्हणतात. जगातील माणसाला त्याची वर्षाकाठी सरासरी सुमारे 2.4 मिलिसीव्हर्ट मात्रा मिळते आणि तिच्यातील जवळपास निम्मा वाटा एकट्या रेडॉन वायूचा असतो. गारगोटीच्या कणांनी बनलेल्या वालुकाश्मात युरेनियम सहसा ग्रॅनाइटपेक्षा कमी असते. त्यामुळे सराफ्यातील कोरीव दगडाकडे संशयाने पाहण्यास आधार नाही. लक्ष द्यायचे ते पायाखालच्या जमिनीकडे आणि चार भिंतींत कोंडलेल्या हवेकडे.

युरेनियमच्या क्षयातून टप्प्याटप्प्याने रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन तयार होतो. या साखळीतील बाकीची मूलद्रव्ये घन असल्याने खडकात अडकून राहतात, रेडॉन मात्र वायू असल्यामुळे मातीच्या पोकळ्यांतून वर सरकतो. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यास लागणारा काळ, 3.8 दिवसांचे आहे, आणि जमिनीतून घरात शिरण्यास एवढा अवधी पुरेसा ठरतो. श्वासाबरोबर आत गेलेला बहुतेक रेडॉन तसाच बाहेर पडतो. परंतु त्याच्या क्षयातून उपजलेले पोलोनियमचे अणू धुळीच्या कणांवर बसून फुप्फुसात चिकटतात आणि तेथे अल्फा कणांचा मारा करतात.

जर्मनीतील श्नीबर्गच्या खाणकामगारांचा जीवघेणा आजार फुप्फुसाचा कर्करोग असल्याचे 1879मध्ये नोंदवले गेले, तेव्हा रेडॉनचा शोधही लागलेला नव्हता. 1900मध्ये फ्रीड्रिश डॉर्न यांनी रेडियमपासून निघणारा हा वायू ओळखला. पुढे वैद्यकाने त्यालाच औषध मानले आणि अर्बुदांत घालण्यासाठी रेडॉन भरलेल्या सोन्याच्या नळ्या बनवल्या. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात त्या वापरलेल्या नळ्यांचे सोने वितळून दागिन्यांत गेले आणि अंगठ्या घालणाऱ्यांच्या बोटांना इजा झाल्या. जुने सोने आटवून नवा डाग घडवणाऱ्या प्रत्येक सराफाने हा इतिहास ध्यानात ठेवावा. साध्या राहत्या घरातही रेडॉन अतिशय साठू शकतो, हे मात्र 1984मध्ये पेन्सिल्वेनियातील एका घराने जगापुढे आणले. 1988मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रेडॉनला निश्चित कर्करोगकारकांत गणले, आणि 2005मध्ये युरोपातील 13 अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात घनमीटरमागे दर 100 बेकरेलला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे 16 टक्क्यांनी वाढत असल्याचे दिसले; बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचा क्षय. धूम्रपान करणाऱ्यांना हा धोका कैक पटींनी अधिक असतो.

या ज्ञानाच्या प्रकाशात जुन्या बांधणीचे मोल वाढते. मधला चौक, समोरासमोरचे झरोके आणि दगडी जाळ्या ही योजना उन्हाळ्याच्या झळांवर उपाय म्हणून झाली, तरी तिने जमिनीतून झिरपणाऱ्या वायूलाही बाहेरची वाट दिली. दिवसभर रस्त्याकडे उघडी असणारी पेढी हा त्याच व्यवस्थेचा भाग होता. दर्शनी भाग तसाच ठेवून आत काचेचे दार व वातानुकूलन बसवले, जाळ्या मागून बुजवल्या आणि तळघरात तिजोरीची खोली केली, तर वास्तूचे रूप वाचते पण तिचा श्वास कोंडतो. वारसा जपणाऱ्यांनी नक्षीइतकीच वायुवीजनाचीही काळजी घेतली पाहिजे.

मोजणीचे साधन दुर्मीळ नाही. मुंबईत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या दोन कप्प्यांच्या छोट्या मापकात एक फिल्म असते. अल्फा कण तिच्यावर सूक्ष्म खुणा उमटवतात, आणि सुमारे तीन महिन्यांनी ती कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात धुऊन त्या खुणा मोजल्या जातात. जागतिक आरोग्य संघटनेने 2009मध्ये घनमीटरला 100 बेकरेल ही संदर्भपातळी सुचवली आणि परिस्थितीमुळे ती अशक्य असल्यास 300च्या वर जाऊ नये असे म्हटले. प्रमाण जास्त आढळल्यास जोत्यातील भेगा बुजवणे, हवा खेळती ठेवणे किंवा फरशीखालची हवा नळीने छतावर सोडणे असे उपाय करता येतात. रेडॉन सहसा जमिनीलगत अधिक असल्याने मापक आधी तळघरात व तळमजल्याच्या मागच्या खोलीत ठेवावा, आणि ग्वाल्हेरच्या कडाक्याच्या थंडीत दारे-खिडक्या दीर्घकाळ बंद राहत असल्यामुळे त्या महिन्यांची नोंद तर अवश्य घ्यावी.