दंडावरचा वण आणि जिवंत जंतू

आमच्या पिढीतील बहुतेकांच्या डाव्या दंडावर बी.सी.जी. लसीचा वाटोळा वण आहे. क्षयाचे नाव घरात मोठ्याने घेऊ नये, अशा काळात वाढलेल्या वडीलधाऱ्यांना त्या वणाचे मोल ठाऊक होते. परंतु त्या लसीतील जंतू जिवंत असतो, आणि त्याच जंतूवर पुढे कर्करोगावरील उपचाराचेही काम सोपविले गेले, हे फार थोड्यांना माहीत असते. जिवंत जंतूवर किती विसंबावे, हा प्रश्न वैद्यकाला शतकाहून अधिक काळ पडलेला आहे.

न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक विल्यम कोली यांना रुग्णालयाची जुनी कागदपत्रे चाळताना एक नोंद आढळली. एका रुग्णाच्या मानेवरील कर्करोगाची गाठ शस्त्रक्रियेनंतरही पुनःपुन्हा वाढत होती. मग त्याला धावरे झाले आणि गाठ विरून गेली. कोलींनी त्या मनुष्याचा शोध घेतला, तेव्हा इतक्या वर्षांनंतरही तो धडधाकट होता. १८९१ मध्ये त्यांनी धावऱ्याचे जिवंत जंतू दुसऱ्या एका रुग्णाला मुद्दाम टोचले. त्याचीही गाठ ओसरली. मात्र पुढील रुग्णांपैकी दोघे त्या संसर्गानेच दगावले. तेव्हा कोलींनी जिवंत जंतू सोडून मारलेल्या जंतूंचे मिश्रण हाती घेतले. पुढे किरणोपचार रूढ झाले आणि त्यांची पद्धत मागे पडली.

फ्रान्समधील लील येथे अल्बेर काल्मेत आणि कामीय गेराँ यांनी दुसरी वाट धरली. जंतू जिवंत ठेवायचा, पण त्याची मारकता उतरवायची. १९०८ पासून त्यांनी गुरांच्या क्षयाचा जंतू ग्लिसरीन व पित्त यांत शिजविलेल्या बटाट्यावर वाढविला आणि दर तीन आठवड्यांनी नव्या फोडीवर नेला. महायुद्धात लील जर्मनांच्या ताब्यात गेले, तरी हे काम थांबले नाही. १३ वर्षांत अशी २३० स्थलांतरे झाली. १९२१ मध्ये पॅरिसमधील एका नवजात बालकाला ही लस प्रथम तोंडावाटे देण्यात आली.

या विश्वासाला मोठा तडा गेला तो १९३० मध्ये. जर्मनीतील ल्यूबेक येथे सुमारे २५० बालकांना लस देण्यात आली आणि त्यांतील ७० हून अधिक क्षयाने मृत्यू पावली. चौकशीत दिसले, की स्थानिक प्रयोगशाळेत खऱ्या क्षयाचे मारक जंतू लसीत मिसळले होते. १९३२ मध्ये दोन डॉक्टरांना शिक्षा झाली. काल्मेत यांची लस निर्दोष ठरली. पण ज्या घरांतील पाळणे रिकामे झाले, त्यांना या निकालाने कोणते समाधान मिळाले असेल?

आपल्या देशात ही लस १९४८ पासून देण्यास आरंभ झाला. १९६८ मध्ये मद्रासजवळील चिंगलपट जिल्ह्यात तिची विशाल चाचणी सुरू झाली. प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून तिने संरक्षण दिले नाही, असा त्या चाचणीचा निष्कर्ष निघाला. बालकांना मेंदूच्या आवरणाच्या क्षयापासून ती वाचविते, म्हणून तिचे स्थान टिकले. याच सुमारास, १९७६ मध्ये, कॅनडातील अल्वारो मोरालेस यांनी ती मूत्राशयाच्या कर्करोगाच्या ९ रुग्णांत नळीवाटे थेट मूत्राशयात सोडली. जंतूंमुळे तेथे शरीराच्या संरक्षक पेशी धावून येतात आणि कर्कपेशींवरही तुटून पडतात. अस्तरापुरत्या मर्यादित कर्करोगावर हा उपचार आजही प्रमुख मानला जातो.

आता जंतूची घडणच बदलता येते. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत श्टेफान काउफमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी बी.सी.जी. जंतूतील एक जनुक काढून लिस्टेरिया या जंतूचे एक जनुक त्यात बसविले; ते संशोधन २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. संरक्षक पेशीने जंतू गिळला, की तो एका पिशवीत बंदिस्त राहतो. नवा जंतू त्या पिशवीला छिद्रे पाडतो. त्यामुळे त्याचे अंश बाहेर पडतात आणि शरीर अधिक सावध होते. ही लस पुढे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे आली. नेहमीच्या बी.सी.जी.नंतरही कर्करोग उलटलेल्या रुग्णांवर तिची एक युरोपीय चाचणी झाली. सुमारे निम्म्यांच्या मूत्राशयात ६० आठवड्यांपर्यंत रोग परतला नाही. मात्र तुलनेसाठी दुसरा गट त्या चाचणीत नव्हता.

हे यश मोजूनमापूनच घ्यावे लागते. जनुके बदललेल्या साल्मोनेला जंतूने उंदरांतील गाठी रोखल्या होत्या. तोच जंतू २५ रुग्णांना दिल्याचा अहवाल २००२ मध्ये आला, तेव्हा तो केवळ तिघांच्या गाठींत वस्ती करताना आढळला आणि कोणाचीही गाठ घटली नव्हती.

जिवंत जंतू शरीरात वाढतो, म्हणून तो उपयोगी पडतो आणि म्हणूनच त्याचे भयही असते. कोलींनी आपले मृत रुग्ण लपविले नाहीत, चिंगलपटचा निराशाजनक निष्कर्ष दडपला गेला नाही. अशा प्रांजळ नोंदींवरच पुढील संशोधन उभे राहिले. दंडावरचा वण नातवंडांना दाखविताना ल्यूबेकच्या बालकांचीही आठवण सांगावी, असे आम्हांस वाटते.