स्वादुपिंड पुन्हा उगवतं का?



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईने सहा हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कशासाठी, विचारलं तर म्हणाली, "पोराच्या शुगरसाठी चूर्ण आणायचंय. विकणारा म्हणतो, चार महिन्यांत नवं स्वादुपिंड तयार होतं, मग इन्सुलिन बंद." पोरगा बारा वर्षांचा, रोज इंजेक्शनवर. त्या दिवशी निर्णय झाला नाही. मी वाचून येते म्हटलं. जे वाचलं, तेच आज सांगते.

स्वादुपिंड जठराच्या मागे असतं. १८६९ साली बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स या विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शकाखाली त्यात पेशींचे वेगळेच पुंजके दिसले. ते कशाचे, हे त्याला कळलं नाही. १८८९ साली मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं, तर त्याला मधुमेह झाला. पुढे उलगडलं, की त्या पुंजक्यांतल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात.

तेव्हा लहान मुलाला हा आजार झाला, की आईच्या हाती काही नसायचं. डॉक्टर अगदी मोजकं खाऊ घालून थोडे दिवस वाढवायचे, एवढंच. १९२१ साली कॅनडात टोरांटो इथे बँटिंग आणि बेस्ट यांनी जनावरांच्या स्वादुपिंडातून अर्क काढला. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. ते फारसं लागू पडलं नाही. कॉलिप यांनी अर्क अधिक शुद्ध केला, २३ तारखेपासून तो दिला आणि साखर उतरली. लिओनार्ड पुढे तेरा वर्षं जगला. लक्षात घ्या, त्याचं स्वादुपिंड बरं झालं नव्हतं. ते जे बनवत नव्हतं, ते बाहेरून मिळत होतं.

मग ते पुन्हा उगवत नाही का? यकृताचा तुकडा काढला तरी ते वाढतं, म्हणून शास्त्रज्ञांनाही ही आशा होती. २००४ साली अमेरिकेत डग्लस मेल्टन यांच्या गटाने दाखवलं, की मोठ्या उंदरात नव्या बीटा पेशी मुख्यतः जुन्याच बीटा पेशींपासून होतात. म्हणजे बियाणंच संपलं, तर पेरणार काय? २०१० साली जिनिव्हात दिसलं, की उंदराच्या जवळजवळ सगळ्या बीटा पेशी मारल्या, तर शेजारच्या काही पेशी इन्सुलिन बनवू लागतात. पण हे उंदरात. माणसाच्या बीटा पेशी मुख्यतः लहानपणी वाढतात, मोठेपणी फारच हळू.

मुलांच्या मधुमेहात, म्हणजे बहुतेक वेळा टाईप १ मध्ये, आणखी एक अडचण आहे. शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती या पेशी मारते. जमिनीत हुमणी असताना नवं रोप लावलं, तर तेही खाल्लंच जाणार.

मोठ्यांचा टाईप २ मधुमेह वेगळा. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात, २०१७ साली, आजार होऊन सहा वर्षं झाली नव्हती अशा लोकांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली वजन घटवलं. वर्षभराने त्यांच्यातले जवळपास निम्मे गोळ्यांशिवाय साखर ताब्यात ठेवू शकले. तिथेही नवं स्वादुपिंड उगवलं नव्हतं. चरबी उतरल्यावर थकलेल्या पेशी कामाला लागल्या, असं संशोधकांचं म्हणणं आहे.

पुढच्या बैठकीत हे सगळं सांगितलं. ताई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे इंजेक्शन बंद केलं असतं तर?" टाईप १ मध्ये इन्सुलिन थांबलं, तर काही दिवसांतच जिवावर बेतू शकतं, हे मी तिला स्पष्ट सांगितलं.

चूर्णासाठी कर्ज मंजूर झालं नाही. साखर तपासायच्या पट्ट्या आणि तालुक्याच्या दवाखान्यात जाण्यायेण्याचा खर्च, यासाठी दोन हजार मंजूर झाले. सही करताना ताई म्हणाली, "हे रेडिओवर सांगा, त्या चूर्णवाल्याकडे आणखी बायका जातात." म्हणून सांगितलं.